इटलीच्या मावशीचं पांढरं

शेलूबाजारच्या चौकात टरबुजांचे ढीग लागले की लगनसराई आली म्हणून समजायचं. हायवेच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या ताणल्या जातात, खाली टरबुजं, त्यांच्यावर ओली पोती, आणि एक टरबूज फोडून समोर ठेवलेलं, गिऱ्हाइकांसाठी कमी आणि माश्यांसाठी जास्त. संध्याकाळ झाली की डीजेची गाडी जाते आणि माझ्या खिडकीची काच थडथडते. शाळा सकाळची असते. बारा वाजता घरी येताना डांबर चपलेला धरून ठेवतं. हा ऋतू मला पूर्वी आवडायचा. चैत्र-वैशाखात आमच्याकडे माणूस घरी जेवतच नाही, रोज कुठे ना कुठे मांडव असतो. आता मात्र टरबूज दिसलं की मी रस्त्याची बाजू बदलते, आणि ते काही उन्हामुळे नाही.

काल भर दुपारी गजूभाऊ आले. गजूभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे, मिलिंदचे, जोडीदार. दोघांच्या काळ्या-पिवळ्या जीपा वर्षानुवर्षं चौकात एकामागे एक लागायच्या. मिलिंद गेल्यापासून ते माझ्या दाराशी फारसे येत नाहीत. चौकात दिसले तर हात वर करतात आणि पुढे बघतात. काल आले, चपला बाहेर काढल्या, आणि मी दिलेला पाण्याचा ग्लास ओठांना लावून हळूहळू प्याले. गजूभाऊ कधी ओठ लावून पाणी पीत नसत. मान मागे टाकून वरून धार सोडायचे, शर्टाची कॉलर भिजली तरी चालेल.

"ताई," ते म्हणाले, "थे इटलीचं पांढरं करत होत्या ना तुमी मिलिंदसाठी... थे येते काय अजून करता?"

"कायले पायजे?"

"तोंड जळून राह्यलं. भाजीतलं तिखट सोसत नाही. थंडं काही खावं वाटते."

"तोंड उघडा," मी म्हटलं. वर्गात पोरांना म्हणते तसंच म्हटलं.

त्यांनी उघडलं. म्हणजे त्यांना वाटलं, उघडलं. आत दोन बोटंसुद्धा गेली नसती. एवढ्या फटीतून गालाच्या आतला पांढरा चट्टा मला दिसला, आणि मी नजर वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अकोल्याले दाखवलं?"

"दाखवतो. लगनं आटपू द्या."

"उद्या दुपारी या," मी म्हटलं. ते गेल्यावर मला इतका राग आला की ग्लास धुताना हातातून निसटला. कोणावर राग, ते मला सांगता येणार नाही. गजूभाऊंवर होता, चौकातल्या पानठेल्यांवर होता, आणि मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात, पण त्याच्यावरही होता.

*

आमच्या भागात दोन माणसं भेटली की रामराम, जयभीम नंतर होतो, आधी खर्रा पुढे होतो. सुपारी, तंबाखू, चुना. प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचं, घोटत घोटत बोलायचं, आणि समोरच्याला आधी द्यायचं. न घेणारा माणूस इथे थोडा आखडू समजला जातो. मिलिंदच्या जीपमध्ये स्टिअरिंगजवळ एक पन्नी कायम अडकवलेली असायची. मी रागवायची. तो म्हणायचा, "ताई, झोप लागत नाही त्यानं. सवाऱ्या सही-सलामत पोचते." सवाऱ्या पोचल्या सगळ्या.

तो गेला त्या वर्षी संक्रांतीनंतर त्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालं आणि टरबुजांचे ढीग लागले तेव्हा अकोल्याला शेक सुरू झाला. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. नाव ऐकून वाटतं, विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळला असेल. मिलिंदचं गाव आतल्या रस्त्यावर, म्हणून तो आणि त्याची बायको सुनंदा माझ्याकडेच राहायला आले. माझं लग्न झालेलं नाही, घर रिकामं, फ्रिज मोठा आणि अकोल्याची वाट दारावरून जाते. सकाळी गजूभाऊंची जीप यायची. ऐन लगनसराईत, जेव्हा जीपवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा त्यांची जीप मागच्या सीटवर एक माणूस आडवा घेऊन अकोल्याला जायची आणि दुपारी परत यायची.

डॉक्टर तरुण होता आणि सरळ बोलणारा होता. म्हणाला, वजन टिकलं पाहिजे. घसरलं तर शेक मध्येच थांबवावा लागतो, आणि मध्येच थांबवलेला शेक म्हणजे न दिलेला शेक. तोंडाने खाता येत नसेल तर नाकातून पोटात नळी टाकू, बरेच जण टाकून घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"नळी नाही," मिलिंद म्हणाला. बोलणं जड झालं होतं, पण हे शब्द अगदी स्वच्छ आले. "गजूच्या वैष्णवीचं लगन हाय. मले पंगतीत बसाचं हाय."

वैष्णवी गजूभाऊंची थोरली. मिलिंदच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून शाळेत गेलेली पोरगी. तिचं लग्न वैशाखात, शिरपूर जैनच्या अलीकडच्या त्यांच्या गावात ठरलं होतं. त्या दिवशी अकोल्याहून परत येतानाच सगळ्यांना कळलं होतं की आता आपलं काम काय. त्या पोरीच्या लग्नापर्यंत आणि शेक संपेपर्यंत हा माणूस तोंडाने खात राहिला पाहिजे.

आणि खायला काय होतं आमच्या घरात? वांग्याची भाजी, झुणका, ठेचा, ज्वारीची भाकर. ज्या तोंडाने जन्मभर तिखट मिरवलं त्याला आता साधं वरण लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. मिठाचा खडा विस्तवासारखा. सुनंदा भात शिजवायची, घोटायची, गाळायची, तो दोन चमचे घ्यायचा आणि हात हलवायचा. भेटायला येणारा प्रत्येक माणूस बिस्किटांचा पुडा आणायचा. आजाऱ्याला भेटायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि दुकानात सगळ्यात आधी हाताला लागतो तो बिस्किटाचा पुडा. ज्याचं तोंड उघडत नाही त्याच्या उशाशी कुरकुरीत बिस्किटांची चळत. येणारे बसायचे, हळहळायचे, मग अंगणात जाऊन एकमेकांना खर्रा द्यायचे. मी एकदा बाहेर जाऊन ओरडले. ते ओशाळले आणि रस्त्यापलीकडे जाऊन घोटू लागले.

*

खाता न येणारा माणूस दिवसभर काय करतो, हे मला तेव्हा कळलं. तो दुसऱ्यांना खाताना आणि रांधताना बघतो. मिलिंदने मोबाईल छातीवर उभा धरलेला असायचा आणि त्यात कोणीतरी काहीतरी तळत असायचं. सुनंदा म्हणायची, "बंद करा हो, कायले जीव जाळता?" तो ऐकायचा नाही. एकदा मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते तर त्याने हाक मारली.

"ताई, हे पाय."

एक इटलीची बाई होती. वय झालेली, दंडाने जाड, केसांना रुमाल बांधलेला. बोलत होती ते एक अक्षर कळत नव्हतं. तिने दूध आणि साय एकत्र तापवली, साखर घातली, काहीतरी विरघळवलं, वाट्यांमध्ये ओतलं. नंतर वाटी ताटलीत उपडी केली. पांढराशुभ्र गोळा बाहेर आला आणि थरथरत उभा राहिला. बाईने चमचा लावला. चमचा आपोआप आत गेला.

"हे मले खाता येईन," मिलिंद म्हणाला.

पुढे त्याने तिचं सगळंच शोधून काढलं. तिला तो मावशी म्हणायचा. मावशीचं पांढरं, मावशीचं बिस्किटाचं, मावशीचं लाल, मावशीचं पिवळं. खरी नावं मी नंतर वाचली. पन्नाकोट्टा, तिरामिसू, आणि अशीच. ती नावं आमच्या घरात कोणी उच्चारली नाहीत. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक मनापासून केला. एरवी माझा स्वयंपाक म्हणजे खिचडी, आणि रविवारी जरा बरी खिचडी.

मावशी जे विरघळवत होती ते इथे मिळेना. किराणावाल्याने चायना ग्रास काढून दिलं. पांढऱ्या दोऱ्यांची जुडी, पाण्यात उकळली की विरघळते. मी पहिल्यांदा अख्खी जुडी टाकली. जे झालं ते ताटलीवर आपटलं तर उसळलं असतं. मिलिंदने चमचा टोचून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला. हसताना टाक्यांची जागा ओढली म्हणून लगेच गाल धरला. "ताई, हे जीपच्या टायराले लावतो," म्हणाला. दुसऱ्यांदा जुडीचा थोडासाच तुकडा घेतला. तर लाईट गेली. चायना ग्रास फ्रिजशिवायही गोठतं असं सगळीकडे लिहिलेलं आहे, पण ज्याने ते लिहिलं तो वैशाखात वाशीम जिल्ह्यात राहिलेला नाही. ओट्यावर ठेवलेलं दूध तासाभराने जास्तच गरम वाटत होतं. सुनंदाने माठाखालची वाळू ओली केली आणि वाट्या तिच्यात रुतवून ठेवल्या, वर ओलं फडकं. संध्याकाळी फडकं काढलं. वाटी हलवली तर आतलं पांढरं हललं आणि परत स्थिर झालं.

त्याने पूर्ण वाटी खाल्ली. आम्ही दोघी त्याच्यासमोर जमिनीवर बसून बघत होतो. म्हशीचं दूध, वरची जाड साय, साखर. गिळताना कंठाचा मणी वर जायचा, थांबायचा, खाली यायचा, आणि आमचाही जीव त्याच्याबरोबर वर-खाली व्हायचा. वाटी संपली तेव्हा सुनंदा उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

टरबुजाचं लाल तर इथलंच वाटावं असं होतं. त्या देशात कुठल्याशा बेटावर उन्हाळ्यात करतात म्हणे. टरबुजाचा रस गाळायचा, कॉर्नफ्लोअर लावून आटवायचा, थंड करायचा. गजूभाऊ चौकातून टरबूज आणायचे, बोटाने वाजवून निवडलेलं. पिवळ्यासाठी अंड्याचा बलक साखरेबरोबर वाफेवर फेसायचा असतो, हात न थांबवता, नाहीतर त्याची भुर्जी होते. माझा हात दुखायचा. गजूभाऊ म्हणाले, "द्या इकडं." उघड्या अंगाने, खांद्यावर दुपट्टा टाकून, शेगडीसमोर उकिडवे बसून त्यांनी ते असं फेसलं की बलकाचा रंग बदलत बदलत पार फिकट झाला आणि भांडं भरून वर आला. मावशी त्यात दारू घालते हे मिलिंदने त्यांना दाखवलं. "दारूची सोय मी करतो ताई, तुमी बोला फक्त," गजूभाऊ म्हणाले. मी डोळे वटारले. तेव्हा त्यांच्या मनगटाकडे बघून मला वाटलं होतं, हा हात खर्रा घोटून तयार झालेला आहे. आज ते आठवलं की जेवण जात नाही.

बिस्किटांच्या चळतीचं काय करायचं हे मावशीनेच सांगितलं. बिस्किटं कॉफीत बुडवायची, डब्यात थर लावायचा, वर फेसलेली साय, पुन्हा थर. रात्रभर मुरलं की चावायला काही उरत नाही. लोकांनी आणलेली सगळी हळहळ मी अशी थराथराने डब्यात भरली. पहिल्यांदा वर कोको पावडर भुरभुरली, व्हिडिओत तशी होती म्हणून. मिलिंदने पहिला चमचा तोंडाशी नेला, श्वास घेतला आणि ती पूड घशात उडाली. खोकला थांबेना. खोकल्याबरोबर रक्त आलं, सायीवर पडलं. त्यानंतर वर काही भुरभुरलं नाही. पण त्या दिवसानंतर प्रत्येक वाटी पुढे करताना माझा हात थोडा मागे राहायचा.

*

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर होती. मी ती घरी आणून गाळली, शितं काढून टाकली, गार केली आणि त्याला दिली. त्याने दोन चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला.

"काहून रे? दुखलं?"

"दुखत नाही. कायीच लागत नाही."

"गोड नाही झाली?"

"ताई, चार-पाच दिवस झाले. कायीच गोड लागत नाही. पांढरं बी नाही, लाल बी नाही. चुना चाटल्यासारखं."

शेकाने जिभेची चव जाते हे डॉक्टरने आधी सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. चार-पाच दिवस तो प्रत्येक वाटी संपवत होता आणि आम्ही दोघी खूष होतो. त्याने आम्हाला कळू दिलं नाही. आमच्यासाठी खात होता.

त्याच आठवड्यात वैष्णवीचं लग्न झालं. वजन घसरायला लागलं होतं, पण लग्नापर्यंत नळी नको म्हणून त्याने डॉक्टरपुढे हात जोडले. मी पाण्याच्या थर्मासमध्ये बर्फ भरला, त्यात छोट्या स्टीलच्या डब्यात पांढरं ठेवलं आणि आम्ही गजूभाऊंच्या गावाला गेलो. हिरव्या जाळीचा मांडव. कर्ण्यांवर गाणी. धुळीत पाणी शिंपडलेलं.

आमचे बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावच्या लग्नात आमच्या लोकांची पंगत सगळ्यांच्या नंतर आणि मांडवाच्या बाहेर बसायची. पत्रावळ आपल्या घरून न्यायची. ते हे रडून सांगत नसत, हवापाण्यासारखं सांगत. मिलिंद त्या दिवशी मांडवाच्या मधोमध, जीपवाल्यांच्या ओळीत बसला. गजूभाऊंनी स्वतः त्याचा हात धरून बसवला. पत्रावळी आल्या, वरण-भात, पोळी, वांगी-आलूची भाजी, बुंदी, मठ्ठा. मिलिंदच्या पत्रावळीवरही सगळं वाढलं गेलं, त्याने वाढू दिलं. मग मी मागून वाकून डबा उघडला आणि तो पांढरा गोळा त्याच्या भाताशेजारी ठेवला. उन्हामुळे कडेने सुटत चालला होता.

लोकांचं जेवण भराभर उरकलं. आमच्याकडे पंगत चटकन जेवते, मागची पंगत उभी असते. पण पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही, ही रीत आहे. एकटा उठला तर बाकीच्यांचा अपमान होतो. मिलिंदचं होत नव्हतं. चमचाभर घ्यायचा, डोळे मिटायचा, गिळायचा, थांबायचा. ओळीतल्या सगळ्यांची पानं रिकामी झाली. हात सुकले, बोटांवर वरणाचे पापुद्रे धरले. मागे उभ्या असलेल्या लोकांत कुजबूज सुरू झाली. वरपक्षाचा कोणी तरुण पुढे आला आणि म्हणाला, "चला हो, उठा उठा, दुसरी पंगत बसवाची हाय."

"बसेल हाय ना माणूस," ओळीतून कोणीतरी म्हणालं. एवढंच. कोणी हललं नाही.

मांडवात नुसते कर्णे वाजत होते. मिलिंदने मान वर केली नाही. चव नसलेलं, दुखवणारं, वितळत चाललेलं ते पांढरं त्याने शेवटपर्यंत खाल्लं आणि चमचा पत्रावळीवर आडवा ठेवला. गजूभाऊ उपरणं खांद्यावर टाकून समोर उभे होते, त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चला बाप्पा, उठा." तेव्हा सगळी ओळ एकदम उठली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. मला त्या क्षणी आपल्या माणसांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता.

हात धुतल्यावर त्या ओळीतल्या बहुतेकांचे हात खिशाकडे गेले आणि पन्न्या बाहेर आल्या. गजूभाऊंचाही गेला.

*

लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात नळी टाकली. वजन फार उतरलं होतं, शेक थांबवला होता. नाकातून निघालेली ती नळी चिकटपट्टीने गालावर बसवलेली, टोकाला बूच. सुनंदा मोठ्या सिरिंजने दूध सोडायची, अंडं सोडायची, डाळीचं पाणी सोडायची. सगळं थेट पोटात. जिभेचा संबंध संपला. मी म्हटलं, चला, माझी सुटका झाली. असं मी खरंच म्हटलं, मोठ्याने, आणि भांड्यांच्या फळीवरच्या त्या वाट्या वरच्या कप्प्यात ठेवून दिल्या.

दुपारी त्याने खूण करून बोलावलं.

"आज पांढरं नाही केलं?"

"कोणासाठी करू?"

"तू खाय," तो म्हणाला. शब्द फुटत नव्हते, एकेक सुटा करून बोलत होता. "माया समोर खाय. अन् सांग कसं लागते."

मी केलं. वाटी घेऊन त्याच्या समोर बसले. आयुष्यात मला गोडाची आवड नाही, चहासुद्धा मी बिनसाखरेचा पिते. पहिला चमचा घेतला.

"गोड लागते," मी म्हटलं.

"गोड तं साखर बी लागते. नीट सांग ना बावा, मास्तरीण हायेस तू."

पोरांच्या निबंधावर मी लाल शाईने 'सविस्तर लिहा' असं लिहीत आले. माझा भाऊ मला सविस्तर सांगायला लावत होता. मी डोळे मिटून सांगायला लागले. आधी थंड लागतं, दातांना. मग जिभेवर काही नसल्यासारखं. मग एकदम साय कळते. शेवटी वेलदोडा, आणि वेलदोड्यानंतर दुधाचा वास, आई दूध तापवायची त्या चुलीच्या धुराचा जरासा. तो वास त्यात नव्हता. मी खोटं सांगितलं, पण तो मान डोलावत होता. त्याला तो वास आला असावा.

पुढे रोज हेच. लाल, पिवळं, बिस्किटाचं. मी खायची, सांगायची. तो भिंतीला टेकून ताठ बसायचा. बसणं त्याला जमत नव्हतं, मणके दुखायचे, सुनंदा म्हणायची, आडवे व्हा. तो हाताने थांब म्हणायचा. माझी वाटी संपेपर्यंत आडवा व्हायचा नाही.

"पड ना रे," मी एकदा ओरडले. "मी खाऊन राह्यली ना. कायले ताटकळत बसतो?"

"पंगत हाय ना," तो म्हणाला.

मी घास घशाखाली ढकलत राहिले. रडत खाल्लं तर साय खारट लागते, हे मी त्याला सांगितलं नाही.

ढग जमायला लागले आणि जमिनी तयार करायच्या घाईत गाव रिकामं झालं, त्या दिवसांत एका सकाळी तो गेला. सुनंदा दूध गरम करत होती. नळीचं बूच उघडंच राहिलं. दुपारी सगळं आटोपून परत आलो, तर फ्रिजमध्ये आदल्या दिवशीच्या दोन वाट्या होत्या. एक मी त्याच्यासमोर खाणार होते. कोणी त्यांना हात लावला नाही. लाईट जात होती, येत होती. शेवटी त्यांच्यावर पाणी सुटलं आणि कडेने चिरा गेल्या, तेव्हा सुनंदाने त्या बाहेर नेऊन ओतल्या. तेव्हापासून मी चायना ग्रासची जुडी घरात आणली नाही.

*

आज सकाळी आणली. किराणावाल्याने विचारलं, "शाळेत कार्यक्रम हाय काय मॅडम?" मी हो म्हटलं.

दूध तापवताना हात विसरला नव्हता. जुडीचा थोडाच तुकडा. साय, साखर, वेलदोडा. लाईट गेली, तर माठाखालची वाळू ओली केली. दोन वाट्या. दुपारी गजूभाऊ आले तेव्हा बाहेर डीजेची गाडी जात होती आणि काच थडथडत होती. मी त्यांना जमिनीवर चटई टाकून दिली. समोरासमोर दोन वाट्या ठेवल्या.

"तुमी बी खाता?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी चमचा तोंडाच्या फटीतून आडवा करून आत घातला. गिळताना कंठाचा मणी वर गेला, थांबला, खाली आला. मला ती चाल ओळखीची होती. मी मनात ठरवून ठेवलं होतं की खाऊन झालं की बोलायचं. लगनं आटपायची वाट पाहायची नाही, उद्या सकाळी सहाला जीप माझ्या दाराशी लावायची, मी मागच्या नाही, पुढच्या सीटवर बसणार, आणि खिशातली पन्नी आत्ता माझ्या हातात द्यायची. हे सगळं बोलायचं होतं. पण आधी त्यांचं होऊ द्यायचं होतं.

"गोड लागते?" मी विचारलं.

"लागते," ते म्हणाले. "चांगलं लागते ताई." आणि मग त्यांनी चमचा वाटीत ठेवला, मान खाली घातली. "मिलिंदले बी असंच लागे काय?"

"आधी लागायचं," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा चमचा उचलला. उन्हाने चटई तापली होती. एक चमचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. माझी वाटी केव्हाच संपली होती आणि बोटांवर साय सुकत होती. मी उठले नाही.